कौन्सिलनं भाड्याची जादा मदत नाकारली: रिव्ह्यू कसा मागायचा, तक्रार कुठे करायची

प्रश्न: मी लंडनच्या एका उपनगरात दोन मुलींबरोबर खासगी भाड्याच्या घरात राहते. मला आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी) मिळून बरीच वर्षं झाली. २०२२ मध्ये हे घर भाड्यानं घेतलं तेव्हा नवऱ्याचा पूर्ण पगार येत होता. गेल्या वर्षी आम्ही वेगळे झालो. धाकटी सात वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे आणि तिच्यासाठी डीएलए (अपंग मुलांसाठीचा भत्ता) मिळतो, केअरचा मधला दर. मोठी अकरा वर्षांची आहे. मी शाळेच्या वेळेत आठवड्याला १४ तास काम करते. भाडं महिना १,७५० पौंड आहे, युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये (कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी मदत) घरासाठी १,४०० मिळतात. चार महिन्यांत १,४०० पौंड थकले आणि घरमालक नोटिशीची भाषा करू लागला आहे. कौन्सिलकडे डिस्क्रिशनरी हाउसिंग पेमेंट (डीएचपी, भाड्यासाठीची ऐच्छिक जादा मदत) मागितलं होतं. १४ नोव्हेंबर २०२५ च्या पत्रानं नकार आला. कारणं तीन दिली आहेत: महिन्याला ९० पौंड शिल्लक राहतात, घर ऐपतीबाहेरचं आहे, निधी मर्यादित आहे. फोन केला तर म्हणाले, ही ऐच्छिक मदत आहे, हिच्यावर अपील नसतं. आईला मी दरमहा १०० पौंड पाठवते ते त्यांनी खर्चातून वगळलं. वडिलांच्या पश्चात सांगलीकडच्या शेतात आणि घरात माझं नाव लागलं आहे, त्याची अडचण होईल का? आणि कौन्सिलविरुद्ध तक्रार केली तर पुढे ब्रिटिश नागरिकत्वाला बाधा येईल का?

उत्तर (२०२५-२६ च्या नियमांनुसार):

प्रिय ताई,

फोनवर मिळालेलं उत्तर अर्धंच खरं आहे. डीएचपीच्या निर्णयावर ट्रायब्युनलकडे अपील नसतं, हे बरोबर. पण ज्या २००१ च्या नियमांखाली कौन्सिल हे पैसे देते, त्यांतच म्हटलं आहे की निर्णय लेखी आणि कारणांसह कळवायचा, आणि अर्जदारानं रिव्ह्यू मागितला तर त्याचाही निकाल लेखी आणि कारणांसह द्यायचा. त्यापुढे कौन्सिलची तक्रार-प्रक्रिया आहे, मग ओम्बुड्समन (तक्रारींची स्वतंत्र चौकशी करणारा अधिकारी), आणि गरज पडली तर हायकोर्ट. तेव्हा दार बंद झालेलं नाही.

पहिलं काम आजच करा. रिव्ह्यू किती दिवसांत मागायचा हे कायद्यात लिहिलेलं नाही, प्रत्येक कौन्सिल आपल्या धोरणात ठरवते. बऱ्याच ठिकाणी पत्राच्या तारखेपासून एक महिना देतात. म्हणजे तुमच्या बाबतीत १४ डिसेंबर धरून चला. सगळे कागद जमण्याची वाट पाहू नका. दोन ओळींचा ईमेल पाठवा: ‘१४ नोव्हेंबरच्या निर्णयाचा मी रिव्ह्यू मागत आहे. सविस्तर कारणं आणि पुरावे १४ दिवसांत पाठवते. तोवर निर्णय करू नये.’ सोबत नाव, पत्ता आणि अर्जाचा क्रमांक. ईमेल पोचल्याचं उत्तर आलं की ते जपून ठेवा. फोनवर मागितलेला रिव्ह्यू नोंदवलाच गेला नाही, असं फार वेळा होतं.

रिव्ह्यूत ‘आमचे फार हाल चालले आहेत, कृपया पुन्हा विचार करा’ एवढंच लिहिलं तर उत्तर बहुतेक तेच येईल. हाल तर पहिल्या अर्जातही लिहिलेले होते. कौन्सिलला मदत द्यायची की नाही हे ठरवायची मोकळीक असली, तरी ती मोकळीक वापरण्याची रीत कायद्यानं बांधलेली आहे. प्रत्येक प्रकरण वेगळं तपासलं पाहिजे. एकच ठराविक नियम सगळ्यांना डोळे झाकून लावता येत नाही. महत्त्वाची गोष्ट सोडून देता येत नाही, गैरलागू गोष्ट मोजता येत नाही, आणि कारणं अशी द्यावी लागतात की वाचणाऱ्याला निर्णय कसा झाला हे कळावं. म्हणून रिव्ह्यूत बोट नेमकं चुकीवर ठेवायचं. तुमच्या प्रकरणात ते ठेवायला चांगली जागा आहे.

त्याआधी एक गोष्ट तपासा, तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. युनिव्हर्सल क्रेडिटच्या ताज्या हिशेबात दोन ओळी आहेत का पाहा. मुलाला डीएलए मिळत असेल तर अपंग मुलासाठीचा घटक मिळतो, २०२५-२६ मध्ये महिना १५८.७६ पौंड (कमी दर). आणि केअरचा मधला किंवा वरचा दर मिळणाऱ्या मुलाची तुम्ही आठवड्याला ३५ तास किंवा जास्त देखभाल करत असाल, तर केअरर घटक मिळतो, महिना २०१.६८ पौंड. त्यासाठी केअरर्स अलाउन्स (देखभाल करणाऱ्याचा वेगळा भत्ता) घेतलेला असावाच असं नाही आणि तुमच्या कमाईची मर्यादाही आड येत नाही. दोन्हींची बेरीज ३६०.४४ होते, तुमच्या भाड्याची तूट ३५० आहे. डीएलए सुरू झाल्याचं युनिव्हर्सल क्रेडिटला आपोआप कळतं असं समजून अनेक पालक गप्प राहतात. ते युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये आपण कळवावं लागतं. यातलं काही राहिलं असेल तर आज लिहा, डीएलएचं पत्र जोडा आणि डीएलए सुरू झाल्याच्या तारखेपासूनची रक्कम मागा. ती मिळू लागली की पुढची तूट बरीचशी तिथेच भरेल आणि डीएचपीची गरज मुख्यतः थकबाकीपुरती उरेल. तसं असेल तर रिव्ह्यूत ते मोकळेपणानं लिहा, लपवू नका.

आता कौन्सिलची तीन कारणं.

महिना ९० पौंड शिल्लक कुठून आली, हे सगळ्यात महत्त्वाचं. कौन्सिलकडून उत्पन्न-खर्चाचा त्यांनी मांडलेला तक्ता मागून घ्या. दिला नाही तर स्वतःबद्दलच्या माहितीची मागणी करा. तिला सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट म्हणतात, फी नसते आणि उत्तर साधारणपणे एका महिन्यात द्यावं लागतं. अधिकाऱ्यानं फाइलवर लिहिलेल्या टिपाही त्यात येतात, म्हणून ‘निर्णयाच्या नोंदी आणि आकडेमोडीसह’ असं स्पष्ट मागा.

डीएलएच्या मधल्या दरानं २०२५-२६ मध्ये आठवड्याला ७३.९० पौंड येतात, म्हणजे महिन्याला सुमारे ३२०. तुमच्या तक्त्यात हे ३२० उत्पन्न म्हणून धरले असतील, आणि ९० ची शिल्लक पाहता ते धरलेलेच दिसतात, तर ते काढल्यावर चित्र उलटं होतं: ९० वजा ३२०, म्हणजे महिना २३० पौंड तूट.

या मुद्द्यावर हायकोर्टाचा निकाल आहे. २०१५ मध्ये सँडवेल कौन्सिलविरुद्धच्या हार्डी खटल्यात कोर्टानं म्हटलं की डीएलएचा केअर भाग सरसकट उत्पन्नात धरण्याचं धोरण बेकायदा आहे. निकालाचा अर्थ नीट समजून घ्या, नाहीतर रिव्ह्यूत चुकीचा दावा होतो. डीएलए कधीच मोजता येणार नाही, असं कोर्टानं म्हटलेलं नाही. तो पैसा अपंगत्वामुळे येणाऱ्या जादा खर्चासाठी असतो, त्यामुळे या कुटुंबात तो कशावर जातो हे पाहिल्याशिवाय मोजता येत नाही, असा त्याचा रोख आहे. कामगार आणि निवृत्तिवेतन खात्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेतही कौन्सिलांना अपंगत्वाच्या बेनिफिटचा हेतू लक्षात घ्यायला सांगितलं आहे.

म्हणून डीएलए कुठे जातो याचा एक कागद तयार करा. नमुना असा: ज्या दिवशी धाकटी बसमध्ये बसू शकत नाही त्या दिवसांची टॅक्सी आठवड्याला १८ पौंड, रात्रीचे पुल-अप डायपर ९, रोजच्या जादा धुण्याची वीज आणि पावडर ६, ती खाते ते ठराविक ब्रँडचं अन्न, साध्या किराण्यापेक्षा जादा पडतं तेवढं, १४, सेन्सरी वर्ग २०, फाटलेले कपडे आणि मोडलेल्या वस्तू सरासरी ५. बेरीज ७२. तुमचे आकडे तुमचेच हवेत, आणि निम्म्या ओळींना तरी पावती किंवा बँकेची नोंद जोडा. अन्नाच्या ओळीत पूर्ण बिल घालू नका, फक्त जादा भाग घाला. तोच खर्च घरखर्चाच्या किराण्यातही धरला तर दोनदा मोजल्याचं अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येतं आणि मग सगळ्याच आकड्यांवरचा विश्वास उडतो. शाळेचं किंवा डॉक्टरांचं चार ओळींचं पत्र सोबत असेल तर उत्तम. ‘मुलीला ऑटिझम आहे’ यापेक्षा ‘ठिकाण बदललं की ती जेवण सोडते आणि झोपत नाही’ हे वाक्य त्या पत्रात जास्त उपयोगाचं असतं.

तक्त्यात आणखी एक चूक सर्रास होते, ती आठवडा आणि महिन्याच्या गोंधळाची. चाइल्ड बेनिफिट आणि डीएलए सहसा दर चार आठवड्यांनी येतात. चार आठवड्यांची रक्कम १३ नं गुणून १२ नं भागली की महिन्याचा आकडा निघतो. घराचे खर्च मात्र आपण घाईत ‘आठवड्याला ८०’ असे लिहितो आणि फॉर्ममध्ये महिन्याच्या रकान्यात ८० च पडतात. उत्पन्न पूर्ण आणि खर्च पाव, अशानं कागदावर शिल्लक दिसते. तुमच्या अर्जाची प्रत काढून प्रत्येक ओळ तपासा. चूक आपली असली तरी रिव्ह्यूत दुरुस्त करता येते, ‘पहिल्या अर्जात किराणा आठवड्याचा लिहिला गेला, महिन्याचा आकडा असा’ एवढं म्हणा.

बँकेची दोन-तीन महिन्यांची स्टेटमेंटं अधिकारी ओळ न ओळ वाचतो. त्यात भिशीचा हप्ता असेल तर तो बचत समजला जातो. तुमचा नंबर कधी लागणार आणि ती रक्कम कशासाठी ठेवली आहे ते लिहा, शक्य असेल तर हप्ता थांबवा. मैत्रिणीनं दिलेले उसने पैसे खात्यात दिसत असतील तर तिची दोन ओळींची चिठ्ठी घ्या, नाहीतर ते उत्पन्न ठरतं. आईचे १०० पौंड हा नाजूक भाग आहे. परदेशी पाठवलेला पैसा बहुतेक कौन्सिला आवश्यक खर्चात धरत नाहीत, आणि भाडं थकलेलं असताना तो पाठवत राहिलात तर ‘भाड्याला प्राधान्य दिलं नाही’ असा शेरा येतो. रिव्ह्यू त्या मुद्द्यावर लढवू नका. आईचं औषधपाणी त्यातून होत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधांची बिलं जोडून तसं सांगा, नसेल तर भावांना काही महिने भार उचलायला सांगून ‘डिसेंबरपासून पाठवणं थांबवलं’ असं लिहा. डीएलएचा मुद्दा भक्कम आहे. त्याच्या शेजारी कमकुवत मुद्दा ठेवला की वाचणारा आधी तोच खोडतो.

दुसरं कारण: घर ऐपतीबाहेरचं. कौन्सिलला हे पाहण्याचा अधिकार आहे, पण दोन गोष्टी त्यांनी लक्षात घ्यायलाच हव्यात. एक, घर घेतलं तेव्हा ते परवडत होतं. त्यासाठी २०२२ चा करारनामा, त्या वेळच्या नवऱ्याच्या पगाराच्या दोन-तीन पावत्या किंवा संयुक्त खात्याची स्टेटमेंटं, आणि वेगळे झाल्याची तारीख दाखवणारा कुठलाही कागद जोडा. दोन, स्वस्त घर खरंच उपलब्ध आहे का. लोकल हाउसिंग अलाउन्सचे दर (खासगी भाड्यासाठी मिळणाऱ्या मदतीची त्या भागातली कमाल मर्यादा) एप्रिल २०२४ मध्ये ठरले, त्या भागातल्या भाड्यांच्या खालच्या तीस टक्क्यांच्या रेषेवर, आणि तेही सप्टेंबर २०२३ पर्यंतच्या भाड्यांवरून. २०२५-२६ साठी ते वाढवलेले नाहीत. भाडी मात्र चढतच राहिली. म्हणून १,४०० च्या आत दोन बेडरूमचं घर तुम्हाला सापडत नाही यात नवल नाही, पण ते सिद्ध करावं लागेल. पुढचे दहा दिवस रोज जाहिराती पाहा आणि एका कागदावर तारीख, परिसर, भाडं, एजंटाचं उत्तर असं लिहून ठेवा. ‘बेनिफिटवाले नकोत’ किंवा ‘वर्षाचा पगार महिन्याच्या भाड्याच्या तीसपट हवा’ असं उत्तर आलं तर ते ईमेलवरच मागा. आठ-दहा नोंदी पुरेत. धाकटीची शाळा, तिचा ईएचसी प्लॅन (विशेष गरजांच्या मुलांसाठीचा शिक्षण-आरोग्य आराखडा) असेल तर तो, आणि सध्याच्या घरापासूनचं अंतर हेही याच भागात घाला. घर बदलल्यानं शाळा सुटणार असेल तर तो खर्च शेवटी कौन्सिलवरच येतो, हेही सांगायला हरकत नाही.

तिसरं कारण, निधी मर्यादित. तो खरंच मर्यादित असतो: २०२५-२६ साठी इंग्लंड आणि वेल्स मिळून केंद्र सरकारनं १० कोटी पौंड ठेवले आहेत. कौन्सिल स्वतःचे पैसे घालून सरकारी वाट्याच्या अडीचपटीपर्यंत खर्च करू शकते आणि वर्षअखेर न वापरलेला सरकारी निधी परत जातो. त्यामुळे निधीकडे पाहून प्राधान्य ठरवणं ठीक, पण ‘निधी मर्यादित’ हे दोन शब्द म्हणजे कारण होत नाही. रिव्ह्यूत विचारा: निर्णयाच्या दिवशी किती रक्कम शिल्लक होती, आणि तुमच्या धोरणात कोणाला प्राधान्य आहे? कौन्सिलचं डीएचपी धोरण वेबसाइटवर असतं. अपंग मूल असलेलं कुटुंब किंवा बेघर होण्याचा धोका असलेलं कुटुंब प्राधान्याच्या यादीत असेल तर त्या परिच्छेदाचा क्रमांक लिहा. स्वतःचंच धोरण कौन्सिलनं पाळलं नाही, हा ओम्बुड्समनसमोर चालणारा मुद्दा आहे.

रिव्ह्यूचं पत्र इंग्रजीत लिहा आणि ते दीड पानापेक्षा वाढू देऊ नका, पुरावे मागे जोडा. क्रम साधारण असा: ‘माझ्या मुलीचा डीएलए उत्पन्नात धरण्यापूर्वी तो कशावर खर्च होतो हे तुम्ही विचारलं नाही. सोबतच्या कागदाप्रमाणे तो तिच्या गरजांवर संपतो. तो वगळला तर दरमहा तूट आहे. घर घेताना परवडत होतं, परिस्थिती वेगळं झाल्यामुळे बदलली. स्वस्त घर शोधल्याच्या नोंदी जोडल्या आहेत. मी समता कायदा, २०१० खालील तुमच्या कर्तव्याकडेही लक्ष वेधते, कारण या निर्णयाचा परिणाम अपंग मुलावर होतो.’ आणि मग नेमकी मागणी. बहुतेक जण इथेच चुकतात, ‘मदत करा’ म्हणतात पण किती आणि कधीपासून ते सांगत नाहीत. तुम्ही दोन मागण्या वेगवेगळ्या करा: ३५० पौंड दरमहा, अमुक तारखेपासून ३१ मार्च २०२६ पर्यंत, आणि मागच्या चार महिन्यांची तूट १,४०० पौंड. मागच्या काळासाठी डीएचपी देता येत नाही असं उत्तर आलं तर २००८ चा गार्जेट विरुद्ध लॅम्बेथ हा कोर्ट ऑफ अपीलचा निकाल दाखवा. आधीच्या काळातल्या घरखर्चासाठीही डीएचपी देता येतं, असं त्यात ठरलं आहे. अट एवढी की त्या काळात तुम्हाला युनिव्हर्सल क्रेडिटचा घरासाठीचा भाग किंवा हाउसिंग बेनिफिट मिळत असलं पाहिजे, ते तुम्हाला मिळत होतं. पैसे थेट घरमालकाला द्या असंही सुचवता येतं, त्यानं घरमालक शांत होतो.

डीएचपीतून काय मिळत नाही हेही माहीत असू द्या: पाणीपट्टी, कौन्सिल टॅक्स, आणि बेनिफिटवर लागलेली सँक्शन (अटी न पाळल्याबद्दलची कपात) भरून काढणं. या गोष्टी मागणीत मिसळल्या तर तेवढा भाग कायद्यानंच नाकारला जातो.

रिव्ह्यू आणि तक्रार या दोन वेगळ्या वाटा आहेत. निर्णय चुकला असेल तर रिव्ह्यू. वागणूक चुकली असेल, म्हणजे उत्तराला महिनोन् महिने लावले, कारणं दिली नाहीत, कागद हरवले, फोनवर ‘अपील नाही’ सांगून रिव्ह्यूबद्दल काहीच बोलले नाहीत, तर तक्रार. तुमच्या बाबतीत शेवटची गोष्ट घडलेली आहे. त्या फोनची तारीख आणि वेळ लिहून ठेवा. तक्रारीच्या मथळ्यात ‘औपचारिक तक्रार, पहिला टप्पा’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर ती साधी चौकशी म्हणून फाइल होते. ओम्बुड्समनच्या २०२४ च्या तक्रार-संहितेनुसार पाच कामाच्या दिवसांत पोच, त्यानंतर कामाच्या दहा दिवसांत पहिल्या टप्प्याचं उत्तर आणि दुसऱ्या टप्प्याला कामाचे वीस दिवस अपेक्षित आहेत. पहिल्या उत्तरानं समाधान झालं नाही तर दुसरा टप्पा तुम्हीच मागायचा असतो, तो आपोआप सुरू होत नाही.

दोन्ही टप्पे आणि रिव्ह्यू संपल्यावर लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ओम्बुड्समनकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, फॉर्म ऑनलाइन भरता येतो. मुदत: गोष्ट तुम्हाला कळल्यापासून १२ महिने. कौन्सिल उत्तरच देत नसेल तर सुमारे १२ आठवडे वाट पाहून थेट जाता येतं. नावं सारखी असल्यामुळे लोक हाउसिंग ओम्बुड्समनकडे पत्र पाठवतात आणि आठवडे वाया घालवतात. तो कौन्सिल आणि हाउसिंग असोसिएशनच्या भाडेकरूंच्या तक्रारींसाठी आहे. वेल्समधल्या वाचकांसाठी पब्लिक सर्व्हिसेस ओम्बुड्समन फॉर वेल्स. स्कॉटलंडमध्ये डीएचपीची व्यवस्थाच वेगळी आहे, तिथल्यांनी हे उत्तर जसंच्या तसं वापरू नये.

ओम्बुड्समनकडून अपेक्षा मात्र वास्तव ठेवा. तो कौन्सिलच्या जागी बसून ‘यांना ३५० पौंड द्या’ असं सहसा म्हणत नाही. निर्णय करण्याच्या पद्धतीत दोष होता का, एवढंच तो पाहतो. दोष सापडला तर वेगळ्या अधिकाऱ्याकडून नव्यानं निर्णय, माफी, आणि झालेल्या मनस्तापाबद्दल थोडी रक्कम अशी शिफारस करतो. नव्यानं निर्णय होताना डीएलए नीट पाहिला गेला तर निकाल बदलण्याची शक्यता चांगली असते. पण याला महिने लागतात, म्हणून थकबाकी वाढू न देण्याची सोय तुम्हालाच आधी करावी लागेल.

रिव्ह्यूतही डीएलएचा मुद्दा न पाहता नकार आला तर लगेच लॉ सेंटर (मोफत कायदा-सल्ला केंद्र) किंवा शेल्टर या घरांच्या प्रश्नांवरच्या संस्थेच्या वकिलांना गाठा. ज्युडिशियल रिव्ह्यूची (हायकोर्टात निर्णयाला आव्हान देण्याची) मुदत निर्णयापासून जास्तीत जास्त तीन महिने, आणि कोर्ट म्हणतं ‘त्वरित’ या, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात जाण्यात अर्थ नाही. युनिव्हर्सल क्रेडिटवर असलेल्यांना लीगल एड (वकिलासाठी सरकारी मदत) मिळू शकते. वकिलाचं पहिलं पत्र गेल्यावरच कौन्सिल निर्णय बदलते, असंही पुष्कळदा होतं.

घरमालकाची नोटीस. १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये सेक्शन २१ ची कारणाविना नोटीस बंद होते, पण ३० एप्रिलपर्यंत ती देता येते, दोन महिन्यांची. भाडं थकल्याच्या कारणावर कोर्टाला ताबा द्यावाच लागेल अशी स्थिती ३० एप्रिल २०२६ पर्यंतच्या नियमांत दोन महिन्यांचं भाडं थकलं की येते. तुमच्या बाबतीत ३,५०० पौंड. तुम्ही १,४०० वर आहात, म्हणून आता प्रत्येक महिन्याला जमेल तेवढं भाडं भरत राहणं फार महत्त्वाचं आहे. नोटीस आली तर घर सोडून जाऊ नका. कोर्टाचा आदेश आणि बेलिफ (तो आदेश बजावणारा अधिकारी) यांच्याशिवाय कोणी तुम्हाला काढू शकत नाही, आणि आपणहून निघालात तर कौन्सिल ‘जाणूनबुजून बेघर झालात’ म्हणू शकते. नोटीस हातात पडताच त्याच कौन्सिलच्या होमलेसनेस विभागाकडे अर्ज करा. ५६ दिवसांत बेघर होण्याचा धोका असेल तर तो टाळायला मदत करणं हे त्यांचं कायदेशीर कर्तव्य आहे, ते ऐच्छिक नाही. तिथला अधिकारी डीएचपी विभागाला पत्र लिहू शकतो, आणि अशा पत्राला वजन असतं.

३१ मार्चची तारीख वर मुद्दाम घातली आहे. १ एप्रिल २०२६ पासून इंग्लंडमधला डीएचपीचा निधी क्रायसिस अँड रेझिलियन्स फंडात मिसळणार असल्याचं सरकारनं जाहीर केलं आहे. तुमचा रिव्ह्यू सध्याच्या नियमांखाली आणि या आर्थिक वर्षातच निकालात निघावा, असा आग्रह धरा. फेब्रुवारीपर्यंत उत्तर नाही आलं तर त्याच कारणावर तक्रार टाका.

आता सांगलीची जमीन. यात सल्ला एकच: युनिव्हर्सल क्रेडिटला कळवलं नसेल तर कळवा, आणि त्याआधी सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेला भेटा. भारतातली मालमत्ता इथे भांडवलात मोजतात. एकूण भांडवल ६,००० पौंडांपर्यंत असेल तर फरक पडत नाही, त्यापुढे दर २५० पौंडांमागे महिन्याला ४.३५ उत्पन्न धरतात, १६,००० च्या वर युनिव्हर्सल क्रेडिटच बंद होतं आणि त्याबरोबर डीएचपीही. घराचा भाग बहुधा सुटेल: जवळचा नातेवाईक तिथे राहत असेल आणि तो पेन्शनच्या वयाचा, २०२५ मध्ये ६६, असेल तर ते घर मोजत नाहीत. आईचं वय आणि ती तिथे राहते याचा पुरावा ठेवा. शेताला ही सूट नाही. पण मोजायची किंमत संपूर्ण शेताची नसते. तुमच्या अविभक्त वाट्याला बाजारात खरोखर किती येतील तेवढीच, त्यातून विक्रीचा खर्च म्हणून दहा टक्के वजा आणि त्यावर बोजा असेल तर तोही वजा. वाटणी न झालेला वाटा, भाऊ कसत असलेली जमीन, बिगरशेतकऱ्याला ती विकत घेता न येणं, या सगळ्यानं किंमत उतरते. सातबारा, फेरफार आणि स्थानिक मूल्यांकनाचं एक पत्र भावाकडून मागवा. न कळवता राहिलात आणि नंतर उघड झालं तर मिळालेली सगळी रक्कम परत मागतात आणि फसवणुकीचा ठपका बसतो. नागरिकत्वाच्या अर्जाला बाधा येईल ती त्या ठपक्यानं.

कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर असं: तुम्हाला आयएलआर आहे, सरकारी मदत घेण्यावर तुमच्या व्हिसाचं बंधन नाही. हक्काची मदत घेतल्यानं, तिचा रिव्ह्यू मागितल्यानं किंवा कौन्सिलविरुद्ध ओम्बुड्समनकडे गेल्यानं नागरिकत्वाचा अर्ज नाकारला जात नाही. हे पत्र वाचणाऱ्या इतरांपैकी जे वर्क व्हिसा किंवा डिपेंडंट व्हिसावर आहेत आणि ज्यांच्या परवान्यावर ‘सार्वजनिक निधीचा आधार नाही’ अशी अट आहे, त्यांनी मात्र युनिव्हर्सल क्रेडिट किंवा डीएचपीचा अर्ज करू नये. घरात हिंसा होत असेल, मूल लहान असेल किंवा उपासमारीची वेळ आली असेल तर त्यांच्यासाठी वेगळे मार्ग आहेत, पण ते इमिग्रेशनच्या अधिकृत सल्लागाराला विचारूनच घ्यावेत. जोडप्यात एकाला आयएलआर आणि दुसऱ्यावर ही अट असेल तर आयएलआर असलेल्यानं अर्ज करता येतो, फक्त अर्जात दोघांचीही परिस्थिती खरी लिहायची आणि आधी सल्ला घ्यायचा.

रिव्ह्यूचा ईमेल आज, जर्नलमधली नोंद आज, घरांच्या जाहिरातींची यादी उद्यापासून. कौन्सिलच्या नव्या पत्रात डीएलएबद्दल काय लिहिलं आहे ते आम्हाला कळवा, पुढचं पाऊल त्या वाक्यावर अवलंबून आहे.